34 गोल करणारा वू लेई स्पेनमध्ये का अडला?

प्रश्न असा आलाय: 'चीनचा वू लेई 2024 च्या हंगामात तिथल्या लीगमध्ये 34 गोल करतो. पण स्पेनमध्ये साडेतीन वर्षं राहूनही त्याचा जम बसला नाही आणि देशाकडून खेळताना ऐन वेळी तो हरवतो. मग खेळाडू चांगला म्हणायचा की चिनी लीगच पोकळ? माझा भाचा बारा वर्षांचा आहे, फॉरवर्ड खेळतो. त्याला मी याचं उदाहरण देऊ की नको?'

मी कोल्हापुरात गेली बावीस वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतोय. वू लेईचे सामने मी आवडीने बघतो आणि त्याच्या क्लिप पोरांना दाखवतो. त्यामुळे या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. लीग दुबळी आहे हे खरं, आणि माणूस चांगला आहे हेही खरं. पण त्याच्याकडे हत्यार एकच आहे. ते चालवायला जागा मिळाली की तो कोणालाही गोल मारतो, बार्सिलोनालासुद्धा. जागा मिळाली नाही की नव्वद मिनिटं तो मैदानात होता की नाही, हे स्कोअरशीट बघून ठरवावं लागतं.

हे हत्यार म्हणजे बचावफळीच्या पाठीमागे धावणं. त्यासाठी 4 जानेवारी 2020 चा सामना बघा. बार्सिलोना शहरातल्याच दोन क्लबांची गाठ, एस्पान्योलच्या म्हणजे वू लेईच्या तेव्हाच्या क्लबच्या मैदानावर. बार्सिलोना 2-1 ने पुढे, त्यांच्या डी याँगला लाल कार्ड मिळालेलं, म्हणजे ते दहा जण. वू लेई बदली खेळाडू म्हणून आत आलेला. 88 व्या मिनिटाला चेंडू मातियास वार्गासकडे येतो. टीव्हीवर बघणाऱ्याची नजर वार्गासवर असते, आणि बार्सिलोनाच्या बचावपटूंचीही. पास सुटेपर्यंत वू लेई निघालेला असतो. थ्रू येतो, म्हणजे बचावपटूंच्या मधून पुढे सोडलेला पास, वू लेई उजवीकडून आत शिरतो, फार खेळवत बसत नाही, चेंडू जमिनीलगत पलीकडच्या कोपऱ्यात. नेतो नावाचा त्यांचा गोली झेप घेतो, पण उशीर झालेला असतो. 2-2. बार्सिलोनाला गोल मारणारा तो पहिला चिनी खेळाडू ठरला.

ही क्लिप मी पोरांना मोबाइलवर दाखवतो आणि पहिल्यांदा विचारतो, 'काय बघितलंस?' बाराच्या बारा जण सांगतात, 'सर, शॉट भारी.' मग मी चेंडूवर अंगठा ठेवतो आणि म्हणतो, आता पुन्हा बघ. चेंडू झाकला की वू लेईचा खेळ दिसायला लागतो. स्टॉपरची, म्हणजे मधल्या बचावपटूची, मान चेंडूकडे वळली की हा त्याच्या पाठीमागून सुटतो. ड्रिबलिंग नाही, कसरत नाही. आपल्याकडे शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघणाऱ्यांना हे पटणार नाही, कारण गॅलरी उठते ती तिघांना चकवल्यावर. चेंडूशिवाय पळणाऱ्याला कोणी शिट्टी मारत नाही. आमच्या पोरांना चेंडू पायातच हवा असतो त्याचं अर्धं कारण ती गॅलरी आहे.

आता हा माणूस घडला कसा, ते बघू. जन्म 19 नोव्हेंबर 1991, नानजिंग. पोरवयातच तो शांघायला शू गेनबाओ यांच्या हाताखाली आला. शू हे चीनमधलं मोठं नाव. स्वतः राष्ट्रीय संघात खेळलेले, राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक राहिलेले, 1995 मध्ये शांघाय शेनहुआला लीग जिंकून दिलेले. तरी 2000 मध्ये त्यांनी यांगत्सेच्या मुखाजवळच्या चोंगमिंग बेटावर स्वतःची निवासी अकादमी काढली. त्या बेटावर रस्त्याने जायची सोय झाली 2009 मध्ये, बोगदा आणि पूल झाल्यावर. त्याआधी बोट. पोरांनी तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं, तिथेच खेळायचं.

शू यांचं वेगळेपण पुढे आहे. त्यांनी चांगली पोरं तयार करून मोठ्या क्लबांच्या दारात उभी केली नाहीत. 2005 मध्ये त्याच पोरांचा क्लब काढला, शांघाय ईस्ट एशिया, आणि तिसऱ्या श्रेणीत उतरवला. समोर पुरुषांचे संघ आणि आपल्याकडे मिसरूड न फुटलेली पोरं. 2 सप्टेंबर 2006 ला वू लेई पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याचं वय होतं 14 वर्षं 287 दिवस. चीनच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये इतक्या लहान वयात कोणी खेळलं नव्हतं.

वर्तमानपत्रांनी त्याचा 'चिनी मॅराडोना' केला. या आकड्याने पालक फार भारावतात म्हणून सांगतो, चौदाव्या वर्षी उतरणं ही या कहाणीतली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. महत्त्वाचं पुढचं. 2007 मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत चढला आणि तिथेच 2012 पर्यंत राहिला. पाच हंगाम, रिकामी स्टेडियमं, पैशांची ओढाताण. त्या तुकडीतला सगळ्यात तगडा बचावपटू झांग लिनपेंग मधेच ग्वांगझूला गेला. वू लेई राहिला. 2012 मध्ये दुसरी श्रेणी जिंकून संघ सुपर लीगमध्ये, म्हणजे चीनच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत आला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि वरिष्ठ फुटबॉलची सहा वर्षं त्याच्या पायात होती, तीही त्याच मित्रांसोबत. कोण कुठल्या पायाने पास देतो, कोणाचा पास कधी सुटतो, हे त्याला विचार न करता कळत होतं. पाठीमागे धावणारा फॉरवर्ड अशाच ठिकाणी घडतो. धाव एकट्याची दिसते, पण असते दोघांची.

2013 मध्ये सुपर लीगच्या पहिल्याच हंगामात 15 गोल, देशी खेळाडूंमध्ये सर्वाधिक. पुढच्या वर्षी क्लब शांघायच्या बंदर कंपनीने घेतला आणि पैशांचा पूर आला. एरिक्सन, मग विलास-बोआस, मग व्हिटर परेरा असे नावाजलेले प्रशिक्षक आले. 2016 मध्ये ब्राझीलचा हल्क आला, पाठोपाठ चेल्सीतून त्याचाच देशबंधू ऑस्कर आला सुमारे 6 कोटी पौंडांना. त्या काळात चीनचे क्लब फॉरवर्डच्या जागी डोळे झाकून परदेशी माणूस घेत होते. हा निर्णय चिनी फुटबॉलला सगळ्यात महागात पडला असं मला वाटतं. गोल मारायचं काम ब्राझिलियनाकडे, मग चिनी पोराने काय करायचं? विंगवर पळायचं नाहीतर बाकावर बसायचं. त्या दशकात चीनमध्ये फॉरवर्ड तयारच झाले नाहीत. वू लेई तगला, कारण त्याला ब्राझिलियनाची जागा नकोच होती. एल्केसन, हाही ब्राझीलचाच, मध्ये उभा राहून स्टॉपरना गुंतवायचा, हल्क एका बाजूला दोघातिघांना ओढायचा, आणि हा मधल्या फटीतून जायचा. पास द्यायला ऑस्कर.

2018 मध्ये 27 गोल, लीगचा सर्वाधिक गोल करणारा. अकरा वर्षांनी हा मान चिनी खेळाडूकडे आला, आधीचा 2007 मधला ली जिनयू. त्याच वर्षी शांघायने पहिलं विजेतेपद मिळवून ग्वांगझू एव्हरग्रँडची सलग सात वर्षांची सद्दी मोडली. लोक म्हणतात पैशाने जिंकले. असेल. पण त्या संघातली देशी नावं वाचा: गोली यान जुनलिंग, बॅक वांग शेनछाओ आणि फू हुआन, मधल्या फळीत त्साय हुईकांग, विंगवर ल्यू वेनजुन, पुढे वू लेई. सगळी बेटावरची पोरं. पैशाने ऑस्कर विकत मिळाला. त्याच्या भोवतीचा संघ अठरा वर्षांपूर्वी सुरू झाला होता.

जानेवारी 2019 मध्ये तो एस्पान्योलला गेला. क्लबचा मालक चिनी उद्योगपती, किंमत वीसेक लाख युरो, त्यामुळे 'टी-शर्ट विकायला आणलाय' ही कुजबूज पहिल्या दिवसापासून होती. ती पूर्ण खोटी म्हणता येणार नाही, पण 2 मार्चला व्हायादोलिदविरुद्ध त्याने एक पेनल्टी मिळवून दिली आणि एक गोल केला. ला लीगामध्ये, म्हणजे स्पेनच्या वरच्या श्रेणीत, गोल करणारा पहिला चिनी खेळाडू. पहिल्या अर्ध्या हंगामात 3 गोल झाले, संघ सातवा आला, युरोपा लीगला पात्र ठरला. शेजारी खेळत होता बोर्हा इग्लेसियास, उंच, पाठीवर स्टॉपर घेऊन चेंडू अडवणारा. पुन्हा तेच गणित: एक जण गुंतवतो, दुसरा पाठीमागे सुटतो.

त्या उन्हाळ्यात इग्लेसियास बेतिसला विकला गेला. प्रशिक्षकही बदलला, आणि 2019-20 च्या एका हंगामात एस्पान्योलने चार प्रशिक्षक पाहिले. प्रत्येकाची पद्धत वेगळी. वू लेई कधी फॉरवर्ड, कधी उजव्या विंगवर बॅकच्या मागे पळत. तो बार्सिलोनाचा गोल याच वाईट वर्षातला. मार्चमध्ये त्याला कोविड झाला. जुलैमध्ये बार्सिलोनाच्याच मैदानावर 0-1 हरून एस्पान्योल खालच्या श्रेणीत गेला.

इथे बहुतेक लोक चुकीचा निष्कर्ष काढतात. दुसऱ्या श्रेणीत म्हणजे सोप्या लीगमध्ये तरी त्याने धडाधड गोल करायला हवे होते, तेही झाले नाहीत, म्हणजे तो सामान्यच, असं ते म्हणतात. प्रशिक्षक म्हणून मला नेमकं उलटं दिसतं. खाली गेल्यावर एस्पान्योल हा त्या श्रेणीतला दादा संघ झाला. समोरचे संघ अकराच्या अकरा जण आपल्या डीपुढे उभे करून बसायचे. बचावफळीच्या मागे पंधरा पावलं जागा, त्यातही गोली उभा. धावायचं कुठे? अशा वेळी लागतो पाठ गोलकडे करून चेंडू घेणारा, गर्दीत वळणारा, लांबून मारणारा माणूस. राउल दे तोमास तसा होता, त्याने त्या हंगामात 23 गोल केले. वू लेईचे लीगमध्ये दोन. संघ पहिला येऊन वर चढला, हा बाकावर सरकला, आणि ऑगस्ट 2022 मध्ये शांघायला परतला.

मग स्पेनमध्ये त्याचं काही चुकलंच नाही का? चुकलं. मुख्य म्हणजे तो सत्ताविसाव्या वर्षी गेला. तेव्हा माणसाच्या पायातल्या सवयी पक्क्या झालेल्या असतात. त्याचा पहिला टच दबावाखाली लांब जातो. शांघायमध्ये तो लांब गेला तरी वेगाने गाठता येत होता. स्पेनमध्ये तेवढ्यात बचावपटूचं पाऊल येतं. ही सवय विसाव्या वर्षी मोडता आली असती. पण तेव्हा तो चीनच्या दुसऱ्या श्रेणीत होता, आणि पुढे चीनमध्येच पगार इतके वाढले की युरोपला जाणं म्हणजे घरचं सोडून कमी पैशात बाकावर बसणं झालं. 1998 मध्ये यांग छेन फ्रँकफर्टला गेला तेव्हा परिस्थिती वेगळी होती. त्याने बुंडेसलीगाच्या पहिल्याच हंगामात 8 गोल केले. सुन जिहाई मँचेस्टर सिटीत सहा वर्षं राहिला. वू लेईच्या पिढीला घरातच सुख मिळालं आणि ते बाधलं.

आता राष्ट्रीय संघ. 2019 च्या आशियाई चषकात फिलिपिन्सविरुद्ध त्याने दोन गोल केले, दुखऱ्या खांद्यानिशी खेळला, आणि उपांत्यपूर्व फेरीत चीन इराणकडून 0-3 हरला. पुढचा चषक जानेवारी 2024 मध्ये कतारला. ताजिकिस्तान 0-0, लेबनॉन 0-0, कतारकडून 0-1. तीन सामन्यांत एकही गोल नाही. लेबनॉनविरुद्ध वू लेईने अगदी जवळून मारलेला चेंडू गोलरेषेवरून बचावपटूने परतवला. तेवढी एक क्लिप फिरली आणि सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. तो गोल त्याने करायलाच हवा होता, यात वाद नाही. पण तीन सामन्यांत त्याला पाठीमागे किती पास आले ते कोणी मोजलं नाही. मी सामने बघताना वहीत रेघा मारतो, माझी जुनी खोड आहे. त्याच्या धावा भरपूर होत्या, आणि बहुतेक वेळा मधल्या फळीतला खेळाडू मान वर न करता चेंडू बॅककडे परत देत होता. ऑस्करचा पासपोर्ट ब्राझीलचा, तो काही चीनच्या संघात येत नव्हता.

त्याच वर्षी मार्चमध्ये सिंगापूरविरुद्धच्या दोन सामन्यांत त्याने चार गोल केले, त्यावर चीन कसाबसा विश्वचषक पात्रतेच्या पुढच्या फेरीत गेला. कसाबसा म्हणजे किती? शेवटच्या दिवशी थायलंडला सिंगापूरविरुद्ध तीन गोलांच्या फरकाने जिंकायचं होतं, ते 3-1 नेच जिंकले, कारण सिंगापूरचा गोली हसन सनी भिंतीसारखा उभा राहिला. चिनी चाहत्यांनी त्याच्या घरच्या खाण्याच्या स्टॉलचा क्यूआर कोड शोधून काढला आणि पैसे पाठवायचा सपाटा लावला, इतका की त्यालाच आवरा म्हणावं लागलं. सप्टेंबरमध्ये जपानने चीनला 7-0 हरवलं आणि जून 2025 मध्ये इंडोनेशियाकडून हरून मोहीम संपली.

आणि याच 2024 मध्ये लीगमध्ये 34 गोल. तीसच सामन्यांचा हंगाम. इस्रायलच्या एरान झाहावीचा 2019 मधला 29 चा विक्रम मोडला. लीग आणि चषक दोन्ही शांघायकडे. लीग संपली तेव्हा तेहतिसाव्या वाढदिवसाला अडीचेक आठवडे बाकी होते. या आकड्यातून थोडं वजा करावं लागेल. 2020 नंतर चिनी क्लबांचे पैसे आटले, जिआंग्सू हा क्लब तर लीग जिंकल्यावर काही महिन्यांत बंद पडला, बऱ्याच संघांची बचावफळी आता पूर्वीची राहिलेली नाही. पण संपूर्ण आकडा पुसायचं कारण नाही. प्रशिक्षक केव्हिन मस्कटचा शांघाय सतत पुढे दाबायचा, चेंडू हिसकावला की दोन पासांत गोलसमोर. पास देणारे कोण? ऑस्कर, आणि चीनमध्ये आलेला मातियास वार्गास. हो, बार्सिलोनाविरुद्ध थ्रू देणारा तोच वार्गास. स्पेनमध्ये जी जोडी एका संध्याकाळी दिसली, ती शांघायमध्ये आठवड्याला दिसायला लागली.

'140 कोटींच्या देशाला अकरा जण मिळत नाहीत' हे वाक्य तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण त्यापाठोपाठ कोणीतरी ते म्हणेलच. आपणही तेवढेच आहोत, तेव्हा जरा जपून. ऑक्टोबर 2018 मध्ये सुझोऊला आपण त्यांना 0-0 रोखलं होतं आणि त्यावर आपण वर्षभर खूश होतो. शिवाय चीनच्या बायका वेगळीच गोष्ट सांगतात. 1 फेब्रुवारी 2022 ला, ऐन चिनी नववर्षाच्या दिवशी, पुरुष संघ व्हिएतनामकडून 1-3 हरला. पाचच दिवसांनी आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला संघाने दोन गोलांनी मागे पडून दक्षिण कोरियाला 3-2 ने हरवलं आणि आशियाई चषक नेला. लोकसंख्या दोन्ही संघांची एकच.

भाच्याचं म्हणाल तर वू लेईचं उदाहरण जरूर द्या, पण 34 चा आकडा सांगू नका आणि चौदाव्या वर्षाचं तर अजिबात सांगू नका. आपला अनिकेत जाधव कोल्हापूर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि 2017 चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला, तेव्हापासून माझ्याकडे येणारे निम्मे पालक पहिल्या महिन्यात विचारतात, 'याला कुठे पाठवू?' बाराव्या वर्षी कुठे पाठवण्यापेक्षा तो कोणासोबत खेळतो ते बघा. त्याला पास देणारा एक मित्र हवा, आणि त्या दोघांना पुढची चार वर्षं एकाच संघात ठेवणारा कोणीतरी हवा. दर सहा महिन्यांनी अकादमी बदलणाऱ्या पोराला अशी जोडी मिळत नाही.

आणि वू लेईची उणीवही आत्ताच भरायला घ्या. भिंतीपासून आठ पावलांवर पाठ करून उभं राहायचं, मित्राने जोरात चेंडू द्यायचा, पहिल्या टचला वळायचं, दुसऱ्याला भिंतीवर मारायचं. मागे तुम्ही स्वतः उभे राहा आणि खांद्याने हलकेच ढकला. रोज दहा मिनिटं, दोन्ही पायांनी. ते झालं की बार्सिलोनाची क्लिप लावा, चेंडूवर अंगठा ठेवा आणि वार्गासकडे पास यायच्या आधी थांबवा. वू लेई कुठे उभा आहे आणि स्टॉपर कुठे बघतोय, एवढंच त्याला विचारा. पहिल्या वेळी चुकेल. माझी सगळी पोरं चुकतात.